‘सुरू झाली कां?’

आमच्या घरीं गेल्या तीन-साडेतीन वर्षांत जो पाहुणा आला त्यानें पायांतील वहाणा काढतां काढतां एकच प्रश्न विचारला, ‘सुरू झाली कां?’ प्रकृतीची चौकशी मागाहून. मुंजीचें आमंत्रण द्यावयास आलेले, नरसोबाच्या वाडीहून परततांना डोकावलेले, इतकेंच नव्हे तर सुतकांत भेटावयास आलेले आप्तसुद्धां दोन मिनिटें गंभीर मुद्रेनें बसत आणि मग हळूच परसाकडे मान वळवून तेंच विचारीत. ‘अजून नाहीं’ हें उत्तर देण्याचा मला इतका सराव होऊन गेला कीं, एकदां दूधवाल्यानें ‘वहिनींचा मोतीबिंदू निघाला कां?’ असें विचारलें, तेव्हां ‘हेड अजून कोल्हापुराहून आलें नाहीं’ असें मीं सांगून टाकलें.

प्रश्न होता माझ्या थोरल्या बंधूंच्या मोटारीविषयींचा. मोटार शर्यतीची. एवढें म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें लांब नाकाची, जमिनीला पोट टेकलेली कांहीं विलायती वस्तु उभी राहील. तसें कांहीं नाहीं. मुंबईच्या रस्त्यांतून पिवळें टप आणि काळें अंग घेऊन ज्या फियाट टॅक्सी वर्षानुवर्षें धांवल्या, त्यांचीच ही सख्खी बहीण. चार सिलिंडरांचें इंजिन, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची खालवर धांव ७५ मिलिमीटर, आणि सर्व मिळून आकारमान १०८९ सी. सी. आमचे दादा सांगलीच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकले त्याला शेठ वालचंद हिराचंद यांचें नांव आहे, आणि गाडीही त्याच वालचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीची. या योगायोगाचें दादांना मोठें कौतुक वाटे.

त्यांनीं ती जुनी घेतली १९७९ सालीं, आणि लगेच तिला सोलून काढावयास आरंभ केला. मागली बैठक काढली, गालिचा काढला, दारांच्या आंतील अस्तर काढलें. वजन कमी करणें हीच गरिबाची घोडाशक्ति, असें ते म्हणत. मग हेडाची खालची बाजू यंत्रावर घासून पातळ केली, म्हणजे सिलिंडरांतील मिश्रण अधिक दाबलें जातें आणि स्फोट जोराचा होतो. (भर्तृहरीच्या स्फोटवादावर मीं त्या सुमारास पुष्कळ वाचलें होतें, आमच्या घरांतील दोन बंधूंचे दोन स्फोटवाद, असें वडील जेवतांना म्हणावयाचे.) फ्लायव्हील लेथवर उतरवून हलकें केलें. टपाखालीं लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसविला, तो गाडी उलटली तर माणूस वांचावा म्हणून. आई त्या पिंजऱ्याकडे पाहून रोज एकदां हात जोडी.

शर्यती व्हावयाच्या त्या मद्रासेजवळ शोलावरम येथें. दुसऱ्या महायुद्धांत बांधलेली ती विमानांची धांवपट्टी. १९५३ सालीं मद्रासेंत मोटर स्पोर्ट्स क्लब निघाला आणि पुढें तीसएक वर्षें हिंदुस्थानांतील गाडीवेड्यांची ती पंढरीच होऊन बसली. राजघराण्यांतील मंडळी परदेशी गाड्या घेऊन येत, आणि दादांसारखे लोक देशी गाड्या लॉरीवर चढवून नेत. जातांना बरोबर एक सोळा वर्षांचा मिरजेचा मुलगा असे, पाना-पक्कड हातांत देण्यासाठीं. तोच आजचा आमचा मिस्त्री. दादा कधीं पहिले आले नाहींत, दुसरेही आले नाहींत. पण परतल्यावर आठ दिवस त्यांच्या अंगाला पेट्रोलाचा आणि चेहऱ्याला आनंदाचा वास येई. आतां शोलावरमच्या शर्यती बंद पडून फार वर्षें झालीं; १९९० मध्यें श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें खरीखुरी वळणावळणाची वाट बांधली गेली आणि जुनी पट्टी मागें पडली. आमची गाडी मात्र त्याच्याही अगोदर, १९८७ सालीं थांबली. ती कां थांबली हें सांगितल्यावांचून पुढचें सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

त्या वर्षीं आई मिरजेस इस्पितळांत होती. पैशांची ओढ होती, आणि दादांनीं दोनच महिन्यांपूर्वीं गाडीसाठीं जोड-कार्ब्युरेटर घेतले होते. रात्रीं पानावर बसलों असतां मी म्हणालों, ‘दादा, तुमच्या या गाडीनें आजवर घरांत काय आणलें?’ आवाज चढवला नव्हता. वर्गांत एखाद्या मुलाला उठवून विचारावें तसें विचारलें. दादांनीं भात संपविला, हात धुतला. आठवड्याच्या आंत ते जोड-कार्ब्युरेटर विकले गेले आणि इस्पितळाचा निम्मा हिशेब भागला. गाडी परसांतील रिकाम्या गोठ्यांत चार ओंडक्यांवर चढली, आणि तिच्यावर ताडपत्री पडली. आई बरी झाली, पुढें एकोणीस वर्षें जगली. गाडीचें नांव आम्हां दोघां भावांत पुन्हां निघालें नाहीं. एका चुलीवर जेवणाऱ्या दोन माणसांना एखादा विषय बत्तीस वर्षें टाळतां येतो, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना मीं सांगावयास नको.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णामाईनें आम्हांला घराबाहेर काढलें. आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळीं पाणी ५७ फुटांवर गेलें. आमचा गांवभाग कंबरभर, गळाभर, आणि परसांत तर गोठ्याच्या कौलांपर्यंत. आठ-दहा दिवस नातलगांकडे काढून परतलों तों घरांत घोटाभर गाळ. पोथ्या गेल्या, धान्य गेलें, आणि गोठ्यांतील ताडपत्री उचलली तेव्हां गाडीच्या सुकाणूवर एक मेलेला मासा लटकत होता. दादा तेव्हां सहासष्ट वर्षांचे. ‘दिवाळी झाली कीं उघडतों,’ एवढेंच म्हणाले. बत्तीस वर्षांनंतर मजसमोर उच्चारलेलें गाडीविषयींचें तें पहिलें वाक्य. दिवाळी गेली ती भिंतींना चुना लावण्यांत. आणि २०२० च्या जानेवारींत एके सकाळीं दादांच्या हातांतून चहाचा पेला गळून पडला. उजवें अंग लुळें झालें, आणि वाचा गेली.

या वाचाघाताविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण पुढील हकीकत तिच्यावर अवलंबून आहे. बोलण्याचें केंद्र बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या अर्धांत असतें, ही गोष्ट पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्यानें १८६५ सालीं दाखवून दिली. तें दुखावलें म्हणजे माणसाला समजतें सारें, पण शब्द जुळवून बाहेर काढतां येत नाहीं. कित्येकांना एखादाच शब्द उरतो. दादांना उरला तो ‘बरं’. चहा हवा, ‘बरं’; चहा नको, ‘बरं’; खिडकी लावा, नातवाला हांक मारा, हा मनुष्य पुरे झाला, याला घालवा, सारें ‘बरं’. आमच्या साहित्यशास्त्रांत ध्वनीच्या चढउतारानें अर्थ पालटतो त्याला काकु म्हणतात. तो विषय मीं मुलांना कित्येक वर्षें शिकविला, पण समजला मात्र दादांच्या उशाशीं बसून. आणखी एक नवल असें कीं, ज्यांना ‘पाणी’ म्हणतां येत नव्हतें ते दादा संध्याकाळीं मुलें अथर्वशीर्ष म्हणूं लागलीं कीं अडखळत कां होईना त्यांच्याबरोबर म्हणत. डॉक्टर म्हणाले, यांत नवल नाहीं. घोकलेलें, लयीनें आलेलें पुष्कळदां निराळ्या वाटेनें येतें आणि तें शाबूत राहतें.

२०२१ मध्यें पुन्हां पूर आला, गेल्या खेपेहून थोडा कमी. त्या वर्षींच्या खंडेनवमीला दादांनीं चाकांच्या खुर्चींतून गोठ्याकडे नेण्याविषयीं इतका हट्ट धरला कीं, नातवंडांनीं वाटेंतले दगड काढून त्यांना नेलें. त्यांनीं डावा हात बॉनेटवर ठेवला आणि खालीं, हँडल घालण्याच्या भोंकाकडे, बोट केलें. मला कांहीं उमगेना. तेव्हां वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्हांला ठाऊक नाहीं. दर खंडेनवमीला हे पहांटे उठून इथें येत. प्लग काढून चमचा चमचा तेल घालीत आणि हँडलनें दोन फेरे फिरवून ठेवीत. तुम्ही उठायच्या आंत परत.’

म्हणजे बत्तीस वर्षें तें इंजिन सुरू झालें नव्हतें, पण मेलेंही नव्हतें. मीं त्याच दिवशीं मिरजेस जाऊन मिस्त्रींना बोलावून आणलें.

मिस्त्रींनीं प्लग काढून चारी सिलिंडरांत डिझेल आणि इंजिन ऑईल यांचें मिश्रण ओतलें आणि अकरा दिवस हात लावूं नका म्हणून सांगितलें. अकरा दिवसांनीं हँडल लावलें, हललें नाहीं. मग हेड काढण्याचें ठरलें, आणि तेथपासून आमच्या संसारानें या कामाशीं जें वैर मांडलें त्याची यादी देत बसलों तर अंक पुरावयाचा नाहीं. पुतणीचें लग्न निघालें, गोठा आचाऱ्यांना द्यावा लागला आणि गाडीच्या टपावर तीन दिवस पत्रावळींचे गठ्ठे राहिले. आत्या गेल्या. मिस्त्रींची कंबर धरली. वहिनींचा एक डोळा झाला, मग दुसरा झाला. पितृपक्षांत लोखंडाला हात लावूं नये असें आमच्या घरांत कोणीं कधीं म्हटलेलें नाहीं, पण मिस्त्रीच आमच्यासाठीं तें पाळीत. केव्हां केव्हां तीन तीन महिने मी गोठ्यांत नुसता दिवा लावून परत येत असें.

हेड निघालें तें २०२२ च्या उन्हाळ्यांत. तें ॲल्युमिनियमचें आणि ब्लॉक बिडाचा. साचलेल्या पाण्यानें दोघांच्या सांध्यांत असा कांहीं पांढरा खार धरला होता कीं, एकेका बोल्टाला दोन दोन दिवस तेल पाजावें लागलें. आंत पाहिलें तर पहिला, दुसरा आणि चवथा सिलिंडर डागाळलेले, पण शाबूत. तिसरा मात्र गाळानें आणि गंजानें भरलेला. मिस्त्रींनीं कारण सांगितलें. इंजिन कोणत्याही स्थितींत थांबो, कोणत्या तरी सिलिंडरचा वाल्व उघडा राहतोच. दादांनीं त्या शेवटच्या खंडेनवमीला हँडल जेथें सोडलें तेथें तिसऱ्याचा वाल्व उघडा होता, आणि पुराला तेवढी फट पुरली. एक पिस्टन धरला म्हणजे चारही धरले, कारण सारे एकाच क्रँकला बांधलेले. एकत्र कुटुंबाचें असेंच असतें, असें मी म्हणणार होतों; मिस्त्री घामाघूम झाले होते म्हणून म्हणालों नाहीं.

ब्लॉक कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगरांत पाठविला. तेथील लेथवाल्यांच्या हाताला यश आहे. तीन सिलिंडर किंचित् मोठे कातून घेतले, तिसऱ्यांत नवी स्लीव्ह बसविली. इकडे घरचीं मुलें पेट्रोलच्या टाकींत नदीकांठची खडी भरून ती हलवीत, म्हणजे आंतला गंज सुटावा. मे महिन्याच्या सुटींत दुपारभर तो खडखडाट चाले आणि शेजारी सौजन्यानें कांहीं बोलत नसत. ब्रेक, क्लच, विजेच्या तारा यांचें वर्णन करीत नाहीं. सारें जाम झालेलें होतें, आणि सारें यथावकाश सुटलें. रबरी नळ्या मात्र एकूणएक बदलाव्या लागल्या. एक तर त्या कुजल्या होत्या, आणि आतां पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, तें जुन्या रबराला मऊ करून खातें. तें इथेनॉल आमच्याच जिल्ह्याच्या उसाचें असूं शकेल, हें मनांत येऊन मला उगाच वाईट वाटलें.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून ही गाडी टॅक्सी म्हणून कायमची गेली. वीस वर्षांची मर्यादा, आणि शेवटचीची नोंद २००३ च्या ऑक्टोबरांतली. वर्तमानपत्रांत ती बातमी वाचून मी दुसऱ्याच आठवड्यांत कुर्ल्याला गेलों. जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून हिंडलों. मला काय हवें होतें तें मीं घरीं कोणालाही सांगितलें नव्हतें. मला ते जोड-कार्ब्युरेटर हवे होते. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून कांहीं बाजूस काढून ठेवलें होतें. एका वृद्ध दुकानदारानें सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, ‘मास्तर, किती सालची गोष्ट म्हणतां?’ मी म्हणालों, ‘सत्याऐंशी.’ तो हंसला नाहीं, चहा मागविला. परतलों तें मोडीत निघालेल्या कुठल्याशा टॅक्सीचा साधा सोलेक्स कार्ब्युरेटर वर्तमानपत्रांत गुंडाळून.

तो दादांच्या मांडीवर ठेवला. त्यांनीं डाव्या हातानें फिरवून पाहिला, अंगठ्यानें झडप उघडली, मिटली. मी म्हणालों, ‘दादा, जोडी मिळाली नाहीं. त्या रात्रीं मी जें बोललों तें...’ दादा म्हणाले, ‘बरं.’ मान हलविली आणि पुन्हां, जरा जोरानें, ‘बरं.’ या दोहोंत कोणता ‘बरं’ माझ्या वाक्याला होता आणि कोणता कार्ब्युरेटरला, हें काकुशास्त्रानेंही मला अद्याप उलगडलेलें नाहीं.

२०२४ च्या जुलैंत नदी पुन्हां चढूं लागली. इशाऱ्याच्या पातळीच्या आसपास पाणी आलें अशी वर्दी येतांच चार माणसांनीं मध्यरात्रीं ब्लॉक दोरानें बांधून माडीवर नेला. ठेवावयाचा कोठें? वहिनी म्हणाल्या, ‘देवघराला लागून ठेवा, तिकडे कोणी पायांत घालून जात नाहीं.’ पाणी आलें नाहीं, पण ब्लॉक चातुर्मास संपेपर्यंत तेथेंच राहिला. नैवेद्य दाखवितांना आमच्या धाकट्या नातीचा हात एकदां तिकडेही फिरलेला मीं पाहिला.

इंजिन परत जुळवीत असतांनाची ही गोष्ट. वितरक म्हणून जो भाग असतो, ज्याला सारे मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात, तो कोणत्या सिलिंडरला केव्हां ठिणगी द्यावयाची तें ठरवितो. क्रम सरळ नाहीं. गाडीची माहितीपुस्तिका मीं पाणिनीच्या सूत्रांसारखी पाठ केली होती. सूत्रें तशीच तुटक, आणि अनुवृत्ति मागच्या पानावरून आणावी लागणारी. तारा बसवितांना मिस्त्रींसाठीं मी मोठ्यानें म्हणालों, ‘एक, तीन, चार, दोन.’ मागून आवाज आला, ‘एक, तीन, चार, दोन.’ दादा खुर्चींत बसून खुर्चीच्या हातावर बोटांनीं ताल धरीत होते. पुन्हां म्हणाले, पुन्हां. पांच वर्षांत त्यांच्या तोंडून ‘बरं’ आणि स्तोत्रें यांखेरीज कांहीं आलें नव्हतें. मिस्त्रींनीं पाना खालीं ठेवला. म्हणाले, ‘गुरुजी, शोलावरमला सुरवातीच्या रांगेत उभे असले कीं दादासाहेब हेंच पुटपुटायचे. मला वाटायचं रामरक्षा म्हणतात.’

गेल्या वर्षीं, २०२५ च्या फेब्रुवारींत, एका रविवारीं सकाळीं सारें जुळून आलें. गाडीची नोंदणी केव्हांच संपलेली, त्यामुळें रस्त्यावर नेण्याचा प्रश्नच नव्हता. गोठ्याच्या दारांत सुरू करावयाची एवढेंच. घरचीं एकवीस माणसें अंगणांत. सेल्फ मारला, नुसता घरघरला. पुन्हां मारला. मागील नळींतून काळा ढेंकर आला आणि थांबला. मिस्त्रींनीं डेल्को केंसभर फिरविला आणि माझ्या पुतण्याला म्हणाले, ‘हँडल मार.’ तिसऱ्या फेऱ्याला गाडी पेटली. काय तो आवाज! वाळत घातलेले पापड थरथरले. मुलें ओरडलीं, वहिनींनीं पदर डोळ्यांना लावला, आणि मला काय झालें तें मी लिहीत नाहीं.

दादांकडे सर्वांत शेवटीं लक्ष गेलें. ते हंसत नव्हते. मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून ते ऐकत होते, आणि डावा तळवा खुर्चीच्या हातावर आपटीत होते. ओंठ हलत होते. मी वांकून कान जवळ नेला.

‘एक... चार, दोन. एक... चार, दोन.’

मला वाटलें, दुखण्यामुळें विसरले. ‘तीन, दादा,’ मी म्हणालों. त्यांनीं माझ्याकडे अशा दृष्टीनें पाहिलें कीं, लहानपणीं शब्दरूपें चुकलों म्हणजे वडील पाहात. ‘एक,’ ते म्हणाले, आणि तळवा हवेंत अडवून धरला. मग ‘चार, दोन.’

मिस्त्रींना माझ्या आधीं समजलें. त्यांनीं चालू इंजिनावर वांकून फडक्यानें तिसऱ्या प्लगची तार उपटली. इंजिनाच्या आवाजांत तिळमात्र फरक पडला नाहीं.

‘तीन नंबर मेलेला आहे,’ ते म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनीं प्लग काढला. तो पेट्रोलानें ओला होता. ‘मला ऐकूं आलं नाहीं, दादासाहेबांना आलं.’ प्लग खिशांत घालून ते हात पुसूं लागले. ‘उद्यां दुसरा घालून बघूं.’ मग आठवून म्हणाले, ‘उद्यां नाहीं गुरुजी, उद्यां नातवाचं बारसं आहे. गुरुवारीं येतों.’